जुन्या एमएक्स-५ ची कूलिंग सिस्टिम बदलताना: कामाच्या नोंदी

गाडी: माझदा एमएक्स-५, पहिली पिढी (एनए), १९९२ ची, १.६ लिटर बी६ इंजिन, १,६२,००० किमी चाललेली. अंदाज दोन शनिवार-रविवारचा होता. प्रत्यक्षात सहा आठवडे गेले. प्रत्येक नोंदीपुढे लागलेला वेळ लिहिला आहे. त्यातला कुठला वेळ फुकट गेला तेही लिहिलं आहे, कारण ही नोंद वाचणाऱ्याला तेच जास्त उपयोगी पडेल.

४ जानेवारी (२ तास): तपासणी

दर पंधरवड्याला ओव्हरफ्लोच्या बाटलीत साधारण अर्धा लिटर कूलंट कमी होत होतं. गाडीखाली डाग नाही, एक्झॉस्टमधून पांढरा धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली साय नाही. तापमानाचा काटाही कायम जागच्या जागी. या गाडीच्या काट्यावर विसंबू नये. इंजिन एकदा तापलं की खऱ्या तापमानात बराच चढउतार होऊनही तो हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर काळी चिकटपट्टी लावून इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान घेतलं. पट्टी हवीच. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी तापमान दाखवतं.

रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मूळ काळी असते. इथे ती हिरवट तपकिरी झालेली होती. या गाड्यांमध्ये हा रंग म्हणजे नोटीस समजायची: प्लॅस्टिक ठिसूळ झालंय.

गार इंजिनवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून १०० किलोपास्कल दाब दिला. दहा मिनिटांत काटा ७० वर. टाकी आणि जाळी जिथे चिमटून जोडलेली असते त्या कडेला ओल दिसली आणि वॉटर पंपाच्या पाझर-भोकाखाली वाळलेल्या कूलंटची पापडी. पापडी आहे म्हणजे पंपाचं सील थोडं थोडं सोडतंय. गाडीखाली डाग का नव्हता याचंही उत्तर तिथेच मिळालं. जे गळत होतं ते गरम धातूवर वाळून जात होतं.

रेडिएटरची कॅपही टेस्टरवर लावून पाहिली. ७५ ते १०५ किलोपास्कलच्या दरम्यान उघडायला हवी, ही ६० लाच सोडत होती.

५ जानेवारी (अर्धा तास, आणि एक चूक)

पार्ट यायला आठवडा होता म्हणून तोवर फक्त नवी कॅप लावली. तीस किलोमीटरमध्ये टाकीची कड उघडली आणि दोन लिटर कूलंट रस्त्यावर सांडलं. कारण सरळ आहे. ढिली कॅप दाब वाढू देत नव्हती, त्यामुळे जुनं प्लॅस्टिक कसंबसं तग धरून होतं. चांगल्या कॅपने दाब पूर्ण झाला आणि सगळ्यात कच्चा दुवा तुटला. जुन्या रेडिएटरवर नवी कॅप लावून गाडी चालवू नये. कॅप आणि रेडिएटर एकत्रच बदलायचे.

हाच नियम पुढे होजलाही (कूलंटच्या रबरी नळ्यांनाही) लागू पडला. तो तेव्हा लक्षात घेतला नाही, त्याची नोंद खाली येईलच.

८ जानेवारी: पार्टची यादी

रेडिएटर, कॅप, वरचा आणि खालचा होज, थ्रॉटल बॉडीखालचे दोन लहान होज, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, वॉटर पंप (गॅस्केट आणि ओ-रिंगसह), टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅम जुळवून फिरवणारा), टेन्शनर, आयडलर, टेन्शनरची स्प्रिंग, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, बाहेरचे दोन्ही बेल्ट, कूलंटचं कॉन्सन्ट्रेट चार लिटर, डिस्टिल्ड वॉटर पंधरा लिटर.

पंपाबरोबर टायमिंग बेल्ट कशासाठी, हा प्रश्न हमखास येतो. या इंजिनात पंप फिरतो बाहेरच्या अल्टरनेटरच्या बेल्टवर, पण बसलेला असतो टायमिंग बेल्टच्या मागे. तो बेल्ट उतरवल्याशिवाय पंप बाहेर येत नाही. टायमिंग बेल्टची मुदत १,००,००० किमी. तिथपर्यंत हात पोचलाच आहे तर जुना बेल्ट परत चढवण्यात अर्थ नाही.

इंजिनामागचे हीटरचे दोन होज यादीत घेतले नाहीत. दाबून पाहिले, ठीक वाटले. ही या कामातली सगळ्यात महाग पडलेली ओळ.

११ जानेवारी (६ तास, पैकी ४ एका बोल्टवर)

कूलंट काढण्यासाठी रेडिएटरच्या तळाचा प्लॅस्टिकचा प्लग फिरवला. डोकं हातात आलं, आटे आतच राहिले. रेडिएटर टाकूनच द्यायचा होता, म्हणून सरळ खालचा होज सोडला. होजमधून धार एकदम येते आणि बाजूला उडते, तेव्हा रुंद परात ठेवा. सांडलेलं लगेच पुसून घ्या. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

परातीत आलेलं मोजलं: ३.६ लिटर. सिस्टिमची क्षमता ६ लिटर, म्हणजे बाकीचं ब्लॉक आणि हीटरमध्ये अडकून राहतं. हा आकडा लिहून ठेवा, भरताना लागतो.

वरचा होज थर्मोस्टॅटच्या तोंडाला चिकटून बसला होता. असा होज पिळून ओढू नये. ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून सोलावा. मात्र ब्लेड हलक्या हाताने चालवा. नाहीतर अ‍ॅल्युमिनियमवर लांबीच्या दिशेने ओरखडा उठतो, आणि अशा ओरखड्यातून नवा होजही पाझरतो.

रेडिएटर वर दोन ब्रॅकेटवर आणि खाली दोन रबरी बुशमध्ये बसलेला असतो. दोन्ही पंख्यांचे कनेक्टर सोडून पंख्यांसकट उचलला. खालची रबरं जुन्या रेडिएटरला चिकटून वर येतात. ती काढून ठेवली, नाहीतर रेडिएटरबरोबर भंगारात जातात.

थर्मोस्टॅटच्या झाकणाला दोन बोल्ट. पहिला सुटला. दुसरा पाव आटा फिरला आणि डोकं तुटलं. लोखंडी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये तीस वर्षं बसला की आट्यांत पांढरा क्षार जमतो. आधी पेनिट्रेटिंग ऑइल मारून तीन तास थांबलो आणि ग्रिप प्लायरने धरून पाहिलं. खुंट नुसता झिजला. शेवटी त्या खुंटावर नट ठेवून वेल्ड केला. वेल्डच्या उष्णतेनेच आटे मोकळे झाले आणि दहा मिनिटांत बोल्ट बाहेर. ड्रिल करून काढायचा मोह झाला होता. तसं करू नये. मऊ हाउसिंगमध्ये ड्रिलचा बिट एकदा सरकला की आटे संपले.

दोन्ही बोल्टच्या जागी नवे घेतले आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे पुन्हा धरू नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावलं. ते लावल्यावर कोरड्या आट्यांचा टॉर्क जसाच्या तसा वापरू नये. दिलेल्या मर्यादेतला खालचा आकडा धरावा. इथे मर्यादा १९ ते २५ न्यूटन मीटर आहे.

१२ जानेवारी (दीड तास): धुलाई

थर्मोस्टॅट काढलेला असतानाच ब्लॉक बागेच्या पाइपने धुतला, पाणी नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने. आधी तपकिरी गढूळ, मग वाळूसारखा गाळ, वीस मिनिटांनी स्वच्छ. हीटरला नळाचं पूर्ण प्रेशर देऊ नका. हीटर कोअर (डॅशबोर्डमागची हीटरची जाळी) नाजूक असतो आणि तो फुटला तर डॅशबोर्ड काढावा लागतो. बारीक धार पुरते. शेवटी दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर आत फिरवून नळाचं पाणी बाहेर काढलं.

१८ जानेवारी (७ तास): टायमिंग बेल्ट आणि पंप

पंपाच्या पुलीचे तीन १० मिमी बोल्ट बेल्ट चढलेला असतानाच सैल करा. बेल्ट उतरल्यावर पुली नुसती गरगर फिरते आणि धरायला काही उरत नाही.

व्हॉल्व्ह कव्हर काढलं. टायमिंग कव्हरचे बोल्ट सगळे १० मिमी डोक्याचे, पण लांबी वेगवेगळी. पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचला. पाच मिनिटांचं काम, पण परत जोडताना तासभर वाचतो.

क्रँकची पुली चार १० मिमी बोल्टवर आहे. ती आणि मागची गाइड प्लेट निघाली की बेल्ट मोकळा होतो. मधला मोठा २१ मिमी बोल्ट हलवला नाही. पुढचं ऑइल सील कोरडं होतं, आणि ते बदलायचं नसेल तर त्या बोल्टला हात लावायची गरज नाही. अगदी सुरुवातीच्या १.६ मध्ये क्रँकचं नाक (पुली बसते ते पुढचं टोक) आखूड असतं, तिथे तर हा बोल्ट विनाकारण सोडूच नये. पुली जागी धरणाऱ्या चावीची (‘की’ची) खाच झिजून क्रँक निकामी होण्याचा त्या इंजिनांचा दोष प्रसिद्ध आहे. ओळखायची खूण म्हणजे पुलीच्या बॉसवरच्या खाचा: चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. इथे आठ होत्या.

बेल्ट उतरवण्याआधी इंजिन खुणांवर आणलं आणि दोन्ही कॅम स्प्रॉकेटवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. हे इंजिन नॉन-इंटरफिअरन्स आहे, खूण चुकली तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत. पण एक दात जरी चुकला तरी गाडी ओढत नाही आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

पंप १२ मिमी डोक्याच्या बोल्टवर बसतो. जुनं गॅस्केट ब्लॉकवर चिकटलेलं होतं. ते प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं. वायर ब्रशचं चाक वापरू नये, पृष्ठभागावर खळगे पडतात. हीटरकडून येणारा धातूचा पाइप पंपाला मिळतो तिथे ओ-रिंग असते. ती बसवली, पंप लावला, बोल्ट आलटून पालटून १९ ते २५ न्यूटन मीटरला कसले.

नवा बेल्ट: स्प्रॉकेटवरच्या ‘आय’ (इनटेक) आणि ‘ई’ (एक्झॉस्ट) या खुणांच्या मध्ये १९ दात यायला हवेत. मोजून घ्या, नुसत्या नजरेवर जाऊ नका. पहिल्या वेळी १८ आले. पुन्हा उतरवून चढवला. टेन्शनर सैल ठेवून क्रँक सरळ दिशेनेच पावणेदोन वळणांपेक्षा थोडा जास्त, नेमकं सांगायचं तर १ पूर्णांक ५/६ वळणं फिरवून टेन्शनच्या खुणेवर आणायचा आणि मग टेन्शनरचा बोल्ट ३७ ते ५२ न्यूटन मीटरला कसायचा. दोन्ही कॅमच्या मध्ये १० किलोच्या दाबाने बेल्ट ९ ते ११.५ मिमी दबला पाहिजे. उलटं फिरवलं तर ढिलाई भलत्या बाजूला जाते आणि माप खोटं येतं.

संध्याकाळी सगळी कव्हरं लावून टाकली. तिथे घाई झाली.

१९ जानेवारी (५ तास, पूर्ण वाया)

साधं पाणी भरून, नवे होज तात्पुरते जोडून १०० किलोपास्कल दाब दिला. पाच मिनिटांत पंपामागून थेंब. कव्हरं, बेल्ट, पंप, सगळं परत बाहेर. ओ-रिंग पाइपच्या कडेत चिमटली जाऊन कापली गेली होती. ती कोरडी बसवली होती. रबराला कूलंटचं बोट फिरवून पाइप सरळ रेषेत आत ढकलला असता तर ती आपोआप सरकली असती.

दुसरी चूक क्रमाची. दाबाची चाचणी कव्हरं लावण्याआधी घ्यायला हवी. तेव्हा पंपाच्या चारही बाजू दिसतात आणि गळती सापडली तर निदान दीड तासाचं जोडकाम वाचतं.

नवी ओ-रिंग यायला चार दिवस.

२५ जानेवारी (४ तास)

नवी ओ-रिंग कूलंट लावून बसवली. दाब वीस मिनिटं काटेकोर टिकला. मगच बेल्ट, १९ दात, दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा खुणा, आणि कव्हरं. व्हॉल्व्ह कव्हरखाली कॅमच्या टोकांच्या कॅपजवळ जिथे कोपरे होतात तिथे सिलिकॉनचा बारीक ठिपका. जास्त लावलं तर आत लोंबतं आणि तुटून ऑइलमध्ये जातं.

अल्टरनेटरचा बेल्ट प्रमाणातच ताणा. ‘थोडा जास्त बरा’ असं म्हणून ताणलेला बेल्ट नव्या पंपाचं बेअरिंग खातो.

१ फेब्रुवारी (५ तास): रेडिएटर

पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, मूळपेक्षा जाड जाळीचा रेडिएटर घेतला होता. ‘थेट बसतो’ असं लिहिलेलं होतं. वरच्या ब्रॅकेटची भोकं ६ मिमी चुकली, ती कानशीने लांबट केली. पंख्याची चौकट जाळीला टेकत होती, तिथे रबराचे वायसर घालून ४ मिमी अंतर पाडलं. खाली अँटी-रोल बारपासून जेमतेम बोटभर जागा उरली. याहून जाड जाळी घेऊ नका. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ जाडीचा पुरतो, आणि पुन्हा करायचं झालं तर तोच घेतला जाईल.

थर्मोस्टॅट बसवताना त्याची छोटी हलणारी पिन वर, बाराच्या काट्यावर. तिथूनच अडकलेली हवा निसटते. उघडण्याचं तापमान ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासचं, मूळ मापाचं. ‘थंड’ थर्मोस्टॅट लावून इंजिन जास्त तापायचं थांबत नाही, फक्त गरम व्हायला जास्त वेळ घेतं.

गाडीखालचा प्लॅस्टिकचा अंडरट्रे मागच्या कुठल्यातरी कामात काढला गेला होता आणि परत लावलेला नव्हता. अनेक एमएक्स-५ मध्ये तो गायबच असतो. तो नसला की पुढच्या तोंडातून आलेली हवा जाळीतून न जाता खालून निघून जाते. सिग्नलला गाडी ठीक आणि हायवेवर तापते, अशी उलटी तक्रार असेल तर आधी खाली वाकून पाहा. जुना मिळवून लावला. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या फटी फोमने बुजवल्या.

२ फेब्रुवारी (३ तास): भरणं आणि हवा काढणं

इथे गणित चुकतं. ब्लॉकमध्ये धुतलेलं पाणी दोन-सव्वादोन लिटर शिल्लक असतं. वरून आधीच अर्धं-अर्धं केलेलं मिश्रण ओतलं तर एकूण प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येतं. म्हणून आधी ३ लिटर शुद्ध कॉन्सन्ट्रेट, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर. रिफ्रॅक्टोमीटरवर गोठणबिंदू उणे ३६ अंश आला. अर्ध्या-अर्ध्याला उणे ३७ यायला हवा, म्हणजे जमलं. कूलंटच्या रंगावरून जात ठरवू नका. रंगाला कुठलंही प्रमाण नाही, डब्यावरचा मजकूर वाचा.

गाडीचं नाक स्टँडवर ३० सेमी उचललं, फिलरवर नरसाळं बसवलं, हीटर पूर्ण गरमवर. इंजिन चालू ठेवून वरचा होज दाबत राहिलो. बुडबुडे यायला पंधरा मिनिटं लागली. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली आणि पाऊण लिटर आणखी मावलं.

हाउसिंगवर ९७ अंशांना पंखा लागायला हवा. १०१ झाले तरी लागला नाही. इंजिन बंद केलं. निदान सोपं आहे. इंजिनाच्या खोलीतल्या डायग्नोस्टिक डबीत टीएफए आणि जीएनडी या दोन टोकांना वायरने जोडून इग्निशन चालू केलं. पंखा फिरला. म्हणजे मोटर, रिले, फ्यूज ठीक, दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. स्विच थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवरच असतो. कनेक्टर हिरवा पडला होता, ११ जानेवारीचं पेनिट्रेटिंग ऑइल आणि कूलंट दोन्ही त्यात गेलेलं. क्लीनरने साफ केला. दुसऱ्या फेरीत ९७ ला लागला.

८ फेब्रुवारी (९ तास)

सव्वाशे किलोमीटरनंतर हीटरचा एक होज फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) फुगून फाटला. ५ जानेवारीचीच गोष्ट, पुढच्या दुव्यावर.

होज वरून ठीक दिसत होता, खालून लोण्यासारखा मऊ. सिलिंडर हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर असतो. त्याची ओ-रिंग कडक होते, ऑइल झिरपतं आणि नेमकं खालच्या होजवर ठिबकतं. रबर आतून फुगतं. हे होज बघून नाही, खालच्या बाजूला बोट फिरवून तपासायचे. बोट काळं झालं तर होज गेला.

सेन्सर काढला तरच मागे हात शिरतो. काढण्याआधी त्याच्या आणि हेडच्या अंगावर एकच सलग बारीक रेघ मारा, कारण तो फिरला की इग्निशन टायमिंग बदलतं. ओ-रिंग नवी. फायरवॉलच्या नळ्या हीटर कोअरच्या आहेत, होज पिळला तर कोअर फाटतो. इथेही ब्लेडने चिरूनच.

घाईत सरळ मीटरवारी होज आणून वाकवला. वळणावर चिमटून बसला, हीटर गार. साच्यात वळवलेलाच होज घ्यावा लागतो. त्यात चार तास गेले. रेडिएटर बाहेर असताना आणि सिस्टिम रिकामी असताना हे दोन होज बदलले असते तर दीड तास पुरला असता. शिवाय तीन लिटर नवं कूलंटही वाया गेलं.

नंतर टीईएन आणि जीएनडी जोडून टायमिंग लाइटने पाहिलं: १० अंश, जिथे हवं तिथेच.

१५ फेब्रुवारी (१ तास)

चारशे किलोमीटर झाले. होजवरचे वर्म क्लँप (स्क्रूने आवळायचे) गार इंजिनवर अर्धा आटा कसले. नवं रबर दबतं, त्यामुळे हे एकदा करावंच लागतं. मूळ स्प्रिंग क्लँप जिथे ताठ होते तिथे तेच ठेवलेत, त्यांना हात लावावा लागत नाही. ओव्हरफ्लोची पातळी पहिल्या तीन दिवसांत २०० मिली उतरली (अडकलेली हवा), त्यानंतर स्थिर. हायवेवर हाउसिंग ८९ ते ९१, गर्दीत ९७ ला पंखा लागून खाली येतं. दाबाच्या चाचणीत १०० किलोपास्कल अर्धा तास टिकला.

एकूण ४४ तास, त्यातले १३ चुकांचे: तुटलेल्या बोल्टचे ४, चिमटलेल्या ओ-रिंगचे ५, सरळ होजचे ४. बोल्टचं नशीब वेगळं, बाकीचे टाळता आले असते.

शिल्लक: थ्रॉटल बॉडीखालचे दोन लहान होज आणलेत, अजून बदललेले नाहीत. खालून बोट फिरवून पाहिलं. एक काळं आलं. पुढच्या शनिवारी.